चार चौकटींची पट्टी

लग्नाच्या कार्यालयात रुखवताच्या शेजारी हल्ली आणखी एक गर्दीची जागा असते. मागे चमकत्या कापडाचा पडदा, समोर खांबासारख्या उभ्या पेटीत बसवलेला कॅमेरा, बाजूच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या मिशा, पुठ्ठ्याची नथ आणि काडीला चिकटवलेला कागदी फेटा. चारपाच जण दाटीवाटीनं उभे राहतात, पेटीवरच्या काचेत तीन, दोन, एक असे आकडे उमटतात, लखकन उजेड पडतो. मुद्रा बदलते, पुन्हा आकडे. असं चारदा झालं की थोड्याच वेळात फटीतून एक गुळगुळीत कागद बाहेर येतो. त्यावर एकाखाली एक चार चौकटी, तळाशी वधूवरांची नावं आणि तारीख. फोटो कधी आजोबांच्या काळातल्यासारखे तपकिरी, कधी कॉमिकच्या पुस्तकातून उतरलेले, कधी भडक रंगात न्हालेले. लोक हसतात, पट्टी पाकिटात घालतात आणि पंगतीकडे वळतात.

या पेटीला फोटोबूथ म्हणतात, आणि त्या पट्टीची गोष्ट आज सांगायची आहे. रेडिओवरून फोटोंविषयी बोलायचं म्हणजे आंधळी कोशिंबीरच. पण प्रत्येकाच्या घरात, कपाटातल्या एखाद्या जुन्या पिशवीत फोटो असतातच. ते डोळ्यांसमोर आणले तरी काम भागेल.

या यंत्राची कथा बहुतेक वेळा अशी सांगतात की फोटोग्राफर बाजूला झाला आणि माणूस स्वतःचा फोटो स्वतः काढू लागला. ते खरं आहे. मला मात्र त्यातला दुसरा धागा अधिक ओढतो. फोटोग्राफर गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची पेन्सिल, कात्री आणि ब्रशही गेला. सत्तर वर्षांनी ही सगळी हत्यारं यंत्राच्या पोटात परत आली. येताना एक गोष्ट तेवढी बाहेर राहिली. ती कोणती, हे ओघात येईल.

एका कागदावर अनेक चेहरे मांडण्याची युक्ती यंत्राच्या आधीची आहे. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या फोटोग्राफरनं १८५४ साली एक पेटंट घेतलं. त्या वेळी एक फोटो म्हणजे एक काच, एक छाप आणि एक भलं मोठं बिल. दिस्देरीनं एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याची सोय केली. पुढे अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकणारी काच वापरून एका काचेवर आठ फोटो घेण्याची पद्धत रूढ झाली. छाप काढायची, कात्रीनं आठ तुकडे करायचे आणि भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. यात कलेचा प्रश्न नव्हता. कागद, रसायन आणि मजुरी वाचत होती. पण काही कागद न कापताच राहिले आणि संग्रहालयांत पोचले. ते पाहिले की गंमत वाटते. पहिल्या चौकटीत गृहस्थ ताठ उभे, पुढच्या चौकटीत हात कमरेवर, मग टोपी हातात. ग्राहकाला एक चौकट हवी होती, आणि आपल्याला आज सगळ्या एकत्र पाहण्यात मौज वाटते. १८६३ साली दिस्देरीनं आणखी एक पेटंट घेतलं. अनेक चेहरे कापून दाटीनं जुळवायचे, त्या जुळणीचा पुन्हा फोटो घ्यायचा आणि ती सगळी मंडळी एका छोट्या कार्डावर बसवायची. आज बूथवाले ज्याला कोलाज म्हणतात, तेच हे.

जाता जाता सांगतो, दिस्देरीनं पॅरिसमध्ये पेटंट घेतलं त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघंही तिच्या सभासदांत होते. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असं म्हणायला जागा नाही.

नाणं टाकलं की फोटो, ही कल्पनाही जुनी. १८८९च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात असं यंत्र मांडलेलं होतं. १८९० साली हॅम्बुर्गच्या कॉन्राड बर्निट यांनी ‘बोस्को’ नावाचं यंत्र काढलं. ते पातळ पत्र्यावर फोटो उमटवून देई. पण ही यंत्रं लहरी होती आणि जत्रेतल्या चमत्कारापलीकडे गेली नाहीत.

ते काम केलं अनातोल जोसेफो यांनी. सैबेरियात जन्मलेला हा ज्यू तरुण फोटोग्राफीच शिकला आणि फिरत राहिला. युरोपात राहिला, शांघायमध्ये त्यानं स्टुडिओ चालवला आणि शेवटी न्यूयॉर्क गाठलं. १९२५च्या सप्टेंबरात ब्रॉडवेवर त्यानं ‘फोटोमॅटन’ या नावानं दुकान उघडलं. २५ सेंट टाकायचे, पडद्याआड बसायचं, आठ फोटो निघायचे आणि सुमारे आठ मिनिटांत पट्टी हातात. पांढरे हातमोजे घातलेला एक मदतनीस बाहेर उभा असे. तो इकडे पाहा, तिकडे पाहा एवढंच सांगे. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २ लाख ८० हजार माणसं तिथे येऊन गेली. १९२७ साली हेन्री मॉर्गेन्थाऊ यांच्या पुढाकारानं एका गटानं अमेरिकेतले हक्क १० लाख डॉलरना विकत घेतले. हे मॉर्गेन्थाऊ कधीकाळी ऑटोमन दरबारी अमेरिकेचे राजदूत होते. म्हणजे पोरखेळ समजून कुणी पैसे घातले नव्हते.

आता आठ मिनिटं आत काय चालायचं, ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी निगेटिव्ह तयार होते आणि तिच्यावरून कागदावर छाप निघते. फोटोमॅटनमध्ये निगेटिव्ह नव्हतीच. उजेड थेट कागदाच्या पट्टीवर पडे. मग ती पट्टी अंधारात छोट्या छोट्या टाक्यांमध्ये बुडत, वर उचलली जात, पुढच्या टाकीत उतरत जाई. रहाटगाडग्याचे पोहरे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. पहिल्या टाकीत उजेड लागलेली चांदी काळी पडे, पुढच्या रसायनात तीच काळी चांदी विरघळून जाई, आणि मागे उरलेली चांदी पुन्हा काळी केली की सरळ चित्र तयार. शेवटी पाण्यानं धुणं. एकदा पट्टी आत गेली की माणसाचा हात तिला लागण्याची सोयच नव्हती.

निगेटिव्ह नाही, म्हणजे पेन्सिल फिरवायला जागा नाही. दुसरी प्रत नाही. डार्करूममध्ये उजळ-काळोखी कमीजास्त करणं नाही. तीळ असेल तर तीळ, सुरकुती असेल तर सुरकुती. पुढे अनेक देशांत ओळखपत्रांसाठी याच यंत्रांचे फोटो चालू लागले, त्यामागे स्वस्ताईइतकाच हाही भाग होता. यंत्राला कुणाची भीडमुर्वत नाही, असा एक विश्वास होता.

मग या यंत्रातून वेगळं काही करायचं तर काय हातात उरतं? पाठीमागचा पडदा, आपला स्वतःचा चेहरा, आणि चौकटींचा क्रम. लोकांनी या तीन गोष्टींत काय काय केलं! जीभ काढली, टोपी उलटी घातली, चौथ्या चौकटीत चुंबन घेतलं. पट्टी मुळी वरून खाली वाचली जाते, त्यामुळे तिच्यात आपोआप एक छोटी गोष्ट तयार होते. कुठलंही रसायन न वापरता साधलेला हा पहिला इफेक्ट, आणि माझ्या मते तो अजूनही सर्वांत चांगला आहे.

पट्टी कापून वेगळी मांडायची, हे सुचलं पॅरिसच्या सररिअ‍ॅलिस्ट मंडळींना. १९२८च्या सुमारास ही यंत्रं पॅरिसला पोचली आणि आंद्रे ब्रेतों, पॉल एल्युआर, साल्वादोर दाली वगैरे कवी-चित्रकार त्यांच्यावर तुटून पडले. स्वप्नात, अर्धवट झोपेत मन काय बोलतं याचं त्यांना वेड. पडद्याआड एकटं बसायचं, समोर कुणी पाहणारा नाही, आणि कधी उजेड पडेल ते आपल्या हातात नाही. त्यांच्या दृष्टीनं हे तर मनाचा ठाव घेणारं यंत्र होतं. १९२९च्या डिसेंबरात त्यांच्या मासिकाच्या शेवटच्या अंकात एक पान छापलं गेलं. मध्यभागी रने माग्रीत यांचं एक चित्र, त्यात एक विवस्त्र स्त्री. तिच्याभोवती चारी बाजूंनी चौकट केल्यासारखे १६ पुरुषांचे फोटोमॅटनचे फोटो. सोळाही जणांचे डोळे मिटलेले.

हे पान मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. कमर्शियल आर्टच्या वर्गात मांडणी शिकवताना मला दुसरं काही सांगावं लागत नसे. एकटा डोळे मिटलेला फोटो म्हणजे फसलेला फोटो. कुठलाही स्टुडिओवाला तो पुन्हा काढून देईल. सोळा एकत्र आले की ती शपथ वाटते. फोटोवर एक रेघही न मारता, फक्त शेजारी काय ठेवलं यानं अर्थ बदलतो.

अमेरिकेच्या अँडी वॉरहॉल यांनी रंग आणला. १९६३ साली एका श्रीमंत कलासंग्राहकाची पत्नी, एथेल स्कल, यांचं व्यक्तिचित्र करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्या बाई छानसा पोशाख करून आल्या, त्यांना वाटलं एखाद्या नामांकित फोटोग्राफरकडे नेतील. वॉरहॉल त्यांना टाइम्स स्क्वेअरजवळच्या नाण्यांच्या यंत्रांकडे घेऊन गेले आणि पेटीत बसवून फोटोंमागून फोटो काढायला लावले. त्यांतले निवडक फोटो मोठे करून, स्क्रीन प्रिंटिंगनं वेगवेगळ्या रंगांच्या कॅनव्हासवर छापले आणि ३६ चौकटींची एक भिंत उभी केली. चष्मा लावलेल्या, हसणाऱ्या, केसांत हात घातलेल्या छत्तीस एथेल. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काही परग्रहावरची विद्या नव्हे. ताणलेल्या जाळीवरून रबराच्या पट्टीनं शाई ओढायची. आपल्याकडे गावोगावच्या लग्नपत्रिका त्याच पद्धतीनं छापल्या गेल्या. पुढे १९६५च्या जानेवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वॉरहॉल यांनी केलेली बूथच्या फोटोंची अशीच रंगीत मांडणी आली. त्या दिवसापासून चार रंगांतले चार चेहरे हे दृश्य सगळ्या जगाच्या ओळखीचं झालं.

आता मला थोडं कोल्हापूरला यायचं आहे, कारण यंत्रातून जी हत्यारं बाहेर गेली होती, ती इथल्यासारख्या स्टुडिओंमध्ये नांदत होती. कोल्हापूर हे पडद्यांचं गाव. बाबूराव पेंटर यांनी सिनेमा काढायच्या आधी नाटकांचे पडदे रंगवले, आणि ती परंपरा गावात मुरलेली. सत्तरच्या दशकात मी तिथल्या एका स्टुडिओत तीन वर्षं उमेदवारी केली. मागच्या पडद्यावर कारंजं, जिना आणि हंस. नवदांपत्याचा फोटो बदामाच्या आकारात हवा असला, तर काळ्या कागदात बदाम कापून तो एनलार्जरखाली छापायच्या कागदावर ठेवायचा. आधी बदामातला फोटो, मग बदाम झाकून बाहेरची नक्षी. दोन्ही वेळा कागद केसभरही हलता कामा नये. आज बूथच्या काचेवर बोट टेकवलं की बदामाची चौकट येते, तेव्हा मला ती थरथरणारी कात्री आठवते.

तपकिरी रंगाचंही तसंच. आज जुनेपणाचा भास व्हावा म्हणून तो देतात. मुळात ते एक रसायन होतं. कृष्णधवल फोटोतल्या चांदीचं रूपांतर चांदीच्या सल्फाइडमध्ये केलं की रंग तपकिरी होतो आणि फोटो अधिक टिकतो. त्या टाकीला कुजक्या अंड्यांचा असा वास येई की जेवणाच्या सुट्टीआधी ते काम कुणी घेत नसे. फोटो जुना दिसावा हा हेतू नव्हताच. तो जुना होऊ नये म्हणून ती खटपट होती.

आणि रिटचिंग. स्टुडिओत रिटचिंग करणारे एक मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणत. खिडकीजवळ तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून ते टोकदार पेन्सिलनं बारीक बारीक टिंबं देत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागली, तिथे छापात चेहरा उजळ. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुरमांच्या खुणा ते अशा बेतानं पुसत की ओळखायला येऊ नये. पण फोटो काढून झाल्यावर ते आतून उठून बाहेर येत आणि गिऱ्हाइकाला विचारत, ‘ताई, ह्यो तीळ ठिवायचा का काढायचा?’ कुणी लाजून काढा म्हणे. कुणाची आई मध्येच म्हणे, ‘ऱ्हाऊ दे, तिच्या बापाच्या बी गालावर हाय.’ मामा पाकिटावर तसं लिहून ठेवत. त्यांनी न विचारता तीळ काढल्याचं मी पाहिलं नाही.

एकीकडे अशी पेन्सिल आणि दुसरीकडे भीडमुर्वत नसलेलं यंत्र. या दोन गोष्टी एकत्र आणल्या जपानमध्ये एका तरुणीनं. मिहो सासाकी या अ‍ॅटलस नावाच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत काम करत होत्या. शाळकरी मुलींना स्टिकरचं किती वेड असतं ते त्यांना ठाऊक होतं. फोटोचेच स्टिकर छापून देणारं यंत्र काढावं, असं त्यांनी सुचवलं. वरिष्ठ पुरुष मंडळींना त्यात आधी काही दिसलं नाही. शेवटी १९९५च्या जुलैत अ‍ॅटलस आणि सेगा या कंपन्यांनी मिळून ‘प्रिंट क्लब’ बाजारात आणलं. त्याच्या जपानी उच्चाराचं लघुरूप ‘पुरिकुरा’, आणि तेच पुढे अशा सगळ्या यंत्रांचं नाव झालं. ३०० येन टाकायचे, पडद्यावर स्वतःला पाहायचं, फुलांची, तारकांची, कार्टूनची चौकट निवडायची. एका कागदावर १६ छोटे स्टिकर निघत, म्हणजे मैत्रिणींत वाटायला पुरेसे.

जोसेफोचं यंत्र आणि हे यंत्र यांत फरक कुठे पडला? इथे कागदावर उजेड पडतच नव्हता. कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र आकड्यांच्या रूपात आधी यंत्राच्या आठवणीत जाई आणि छपाई नंतर होई. त्या दोन क्षणांच्या मधे एक फट तयार झाली. निगेटिव्ह गेल्यावर जी जागा नाहीशी झाली होती ती परत मिळाली, आणि तिच्यात चौकट, रंग, चित्रं सगळं शिरलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यंत्रांना पेन आलं. फोटो काढून झाले की मुली बाजूच्या कप्प्यात जात आणि काचेवर त्या पेननं नावं, तारखा, बदाम, मांजरीच्या मिशा काढत. घड्याळ चालू असे. वेळ संपायच्या आत गिरगटून घ्यायचं. या प्रकाराला जपानीत ‘राकुगाकी’ म्हणतात, म्हणजे भिंतीवर किंवा वहीच्या कोपऱ्यात आपण जे गिरगटतो तेच. मग हे स्टिकर छोट्या वह्यांमध्ये चिकटवले जात, अदलाबदल होई. २००० नंतर यंत्रांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. कातडी गोरी आणि गुळगुळीत, डोळे टपोरे, हनुवटी निमुळती. काही काळ तर डोळे इतके मोठे होत की चेहरा हरणाचा वाटे.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या मुलींची बाजू पटते. डोळे किती मोठे हवेत ते त्या स्वतः निवडत, एकमेकींना टाळ्या देत हसत, आणि वर आपल्या अक्षरात लिहीत. तो चेहरा खरा आहे असं कुणी कुणाला सांगत नव्हतं. गोरेपणाच्या हव्यासाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो आपल्यालाही चांगलाच ओळखीचा आहे. पण पेन निदान त्यांच्या हातात होतं.

२००५च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलनं आपल्या संगणकाबरोबर ‘फोटो बूथ’ नावाचा प्रोग्राम दिला. त्यात तपकिरी रंग होता, कॉमिकचा ठिपक्यांचा इफेक्ट होता, चेहरा फुगवणारी जत्रेतल्या आरशासारखी सोय होती, आणि ‘पॉप आर्ट’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की चार रंगांत चार चेहरे. वॉरहॉल यांनी जाळीवर शाई ओढून केलेलं काम आता बोटभर बटणात मावलं होतं. २००७ साली लागोपाठ चार फोटो घेण्याची सोयही त्यात आली. पडदा नाही, पेटी नाही, तरी चार चौकटी आल्याच.

आजच्या लग्नातल्या बूथकडे परत येऊ. माझा पुतण्या सांगलीकडे हा व्यवसाय करतो आणि त्याच्या पट्ट्यांचे आराखडे मी करून देतो. निवृत्तीनंतर हात चालू राहतो. कागद ४ बाय ६ इंचांचा. त्यावर दोन सारख्या पट्ट्या शेजारी शेजारी छापल्या जातात आणि यंत्रच मधोमध कापून २ बाय ६ इंचांच्या दोन पट्ट्या देतं. एक पाहुण्यांना, एक यजमानांच्या वहीत चिकटवायला. इंचाला ३०० बिंदू धरले तर एका पट्टीला रुंदीत ६०० आणि लांबीत १८०० बिंदू मिळतात. नावं, नक्षी, चार फोटो, सगळं त्यात बसवायचं. आराखड्याला तीन थर असतात. सर्वांत खाली पार्श्वभूमी, मधे फोटो, वर पारदर्शक भाग सोडलेली चौकट. एनलार्जरखालच्या काळ्या कागदाचं काम हा वरचा थर करतो. छपाई शाईच्या थेंबांनी होत नाही. रंगाची पातळ फीत तापवून रंग वाफेच्या रूपात कागदात उतरवतात. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि शेवटी एक पारदर्शक संरक्षक थर. म्हणून पट्टी बाहेर येताच कोरडी असते.

इफेक्ट फोटोवर लावायचा की पूर्ण पट्टीवर, हे आधी ठरवावं लागतं. पूर्ण पट्टीवर तपकिरी रंग चढवला तर नावाची सोनेरी अक्षरंही चहात बुडवल्यासारखी दिसतात. कृष्णधवल इफेक्टमागे साधा हिशोब आहे. प्रत्येक बिंदूतल्या लाल रंगाचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन करडी छटा काढतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. आता पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे सुमारे ८९ टक्के, जवळजवळ पांढरा. तेव्हा हळदीच्या दिवशी कृष्णधवल इफेक्ट लावाल, तर गालावरची हळद पावडर फासल्यासारखी दिसेल. कुंकू मात्र गडद येतं. जुन्या काचांच्या काळात रसायनाला फक्त निळा उजेड समजे, त्यामुळे कुंकू काळंच येई आणि पिवळाही काळपट. आपल्या पणजीच्या फोटोत कपाळावर काळा ठिपका दिसतो तो त्यामुळे.

चेहरा गुळगुळीत करणारा इफेक्ट हा सर्वांत लाडका, आणि सर्वांत आडमुठा. तो चेहरा शोधतो, डोळे, ओठ, नाक यांच्या ठळक कडा सोडतो आणि उरलेल्या कातडीवरचे छोटे छोटे फरक आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतो. मुरूम असो, सुरकुती असो, त्याच्या लेखी तो गोंधळच.

दोन वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका गावी लग्न होतं. पुतण्याच्या हाताखालच्या मुलानं हा इफेक्ट आधीपासूनच लावून ठेवला होता. सगळे बूथवाले ठेवतात, कारण पाहुणे खूश होतात. नवरीची आजी नातवंडांच्या घोळक्यात उभी राहिली. काठापदराचं लुगडं, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवटसर गोंदण. पट्टी निघाली. आजीनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

‘आरं, माजं गोंदन कुटं गेलं?’

‘आजी, मशीन आपोआप साफ करतंय त्ये,’ मुलगा म्हणाला.

‘साफ कराय त्यो काय मळ हाय व्हय?’

सगळे हसले, आजी हसली नाही. नऊ वर्षांची असताना गोंदलं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, असं तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. ‘दागिनं हितंच ऱ्हात्यात. गोंदन तेवढं संगं येतं,’ असंही म्हणाली. हा समज आपल्याकडे जुना आहे, आणि ती बोलत होती तेव्हा कुणी पुढे काही बोललं नाही.

त्या मुलाला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. इफेक्ट लिहिणाऱ्यानं गोंदण पाहिलेलं नसणार; त्याला कातडीवरचा लहान गडद ठिपका म्हणजे डाग एवढंच ठाऊक. मामांच्या पेन्सिलनंही हजारो चेहऱ्यांवरचे ठिपके पुसले. मामांच्या हातून गोंदण मात्र पुसलं गेलं नसतं, कारण ते काय आहे हे त्यांना कळत होतं, आणि कळलं नसतं तर ते बाहेर येऊन विचारणार होते. पेन्सिल यंत्रात आली, कात्री आली, ब्रश आला. तो प्रश्न आला नाही.

सुदैवानं या यंत्रांत मूळ फोटो तसाच जपून ठेवलेला असतो. इफेक्ट त्याच्या नकलेवर चढतो. जोसेफोच्या यंत्रात हे शक्य नव्हतं. मुलानं इफेक्ट काढून पट्टी पुन्हा छापली. आजीनं दोन्ही पट्ट्या घेतल्या. पहिली, गुळगुळीत चेहऱ्याची, तिनं नातीला दिली. तुम्ही सगळ्या हीत चांगल्या दिसताय, म्हणाली. दुसरी कमरेच्या पिशवीत गेली.

त्यानंतर पुतण्याच्या यंत्रावर आम्ही एक बदल केला. फोटो निघाले की छपाईआधी काचेवर पाच छोटी चित्रं येतात. पहिलं ‘जसाच्या तसा’, मग कृष्णधवल, तपकिरी, कॉमिक आणि शेवटी गुळगुळीत. बोट टेकवल्याशिवाय छपाई होत नाही. प्रत्येक घोळक्यामागे दहाएक सेकंद जास्त लागतात, त्यामुळे मुहूर्तानंतरच्या गर्दीत रांग लांबते आणि पुतण्या कुरकुरतो. तरुण पोरं अजूनही गुळगुळीतच निवडतात. पन्नाशीच्या पुढच्या बायका काचेजवळ वाकून पाचही चित्रं नीट पाहतात.

आराखड्यात मीही थोडी फेरफार केली. चार फोटो किंचित लहान करून नावाखाली पाऊण इंच जागा कोरी सोडली. वहीत पट्टी चिकटवली की पाहुणे तिथे आशीर्वाद लिहितात, सही करतात, पोरं मिशा काढतात. त्या कागदावर बॉलपेन चालत नाही, वरचा संरक्षक थर शाई धरत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या मिशांशेजारी टेबलावर दोन मार्कर ठेवावे लागतात, आणि ते दोऱ्यानं बांधून ठेवावे लागतात.